नेव्हिलच्या नाकातल्या पेशी

सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवरच्या पेशी पाहून ग्लेनिसच्या मनात पाल चुकचुकली. मोठ्या, वेड्यावाकड्या, पहिल्या नजरेत कॅन्सरच वाटाव्यात अशा. पण त्या विरळ होत्या आणि एकही दुभंगताना दिसत नव्हती. आजूबाजूचं ऊतक काचेसारखं, रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड. किरणोपचार घेतलेली कातडी अशी दिसते, हे प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी सांगायला नको. रुग्णाच्या कागदावर मात्र लिहिलं होतं: किरणोपचार, नाही.

आणि गुरुवारी मकाय गावच्या नेव्हिल प्रिडोचं अख्खं नाक कापायचं ठरलं होतं.

तिने सर्जनला फोन लावला. "ब्रूस, कुठेतरी पाणी मुरतंय. या माणसाने किरण घेतलेत."

"अगं, मी स्वतः विचारलं, ठाम नाही म्हणाला. तू गुप्तहेर कधीपासून झालीस?"

ग्लेनिस चिडली. नमुन्यांची अदलाबदल? तिने डबीवरचा क्रमांक तीनदा ताडून पाहिला, बरोबर होता. म्हणजे म्हातारा खोटं बोलत होता. तिने रीत मोडून थेट त्यालाच फोनवर गाठलं.

"कॅन्सर झाला होता कधी, नेव्हिल?"

"छे! ठणठणीत आहे मी. चाळीस वर्षं उघड्या डोक्याने उसाच्या शेतात, उन्हात काढलीत."

"किरणोपचार?"

"ते कॅन्सरवाल्यांना देतात ना, पोरी?"

उत्तर जरा जास्तच चटकन आलं होतं. तिने प्रश्न बदलला. "तोंडावर मुखवटा बसवून मशीनखाली झोपवलं होतं का कधी?"

"हो तर! टाउन्सव्हिलच्या इस्पितळात, बारा वर्षं झाली. महिनाभर रोज. नाकावर डाग होता. त्यात काय एवढं? आमच्या क्लबात बिनडागाचा माणूस दाखव."

"अहो, तो कॅन्सर होता! सांगितलं का नाहीत? त्या किरणांनीच या पेशी अशा झाल्या असणार. फुकट नाक गेलं असतं तुमचं!"



"कॅन्सर त्याच साली आमच्या डॉटला, माझ्या बायकोला झाला," तो म्हणाला. "सात महिन्यांत गेली. तिच्या उशाशी बसून मी माझ्या डागाला तेच नाव देऊ?"

त्याला खोटारडा ठरवल्याची ग्लेनिसला लाज वाटली.

"गुरुवारी कोणी कापणार नाही," ती हळूच म्हणाली. "जुने कागद मागवते, पुन्हा तपासू. पण आता तो शब्द लिहावा लागेल, नेव्हिल."

"लिही," तो म्हणाला. "तिला कळू नये म्हणून तर तो शब्द टाळायला लागलो होतो. आता कोणापासून लपवू?"