जनकाबाईचं वाढलेलं वजन

डायलिसिसच्या खोलीबाहेर जनकाबाई वजनकाट्यावर उभी राहिली. आकडा बघून सोनाजीने तोंड फिरवलं. वजन परत वाढलं होतं.

जनकाबाईच्या किडन्या निकामी झाल्यापासून दोघं नवरा-बायको कुरुंद्याहून एसटीने हिंगोलीला यायची. अंगात साठलेलं पाणी मशीन काढायचं, आणि किती काढायचं ते वजनावरून ठरायचं. अलीकडे मात्र पाणी काढायला लागलं की तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरी सोनाजी पाणी पेल्याने मोजून द्यायचा. तरी वजन वाढतंय म्हणजे ही चोरून पिते, असं त्याच्या मनाने घेतलं. परवा तर त्याने घरातला माठच उचलून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवला होता.

"खरं सांग," तो दबक्या आवाजात म्हणाला. "किती पाणी पिलीस?"

"तुमी दिलं तेवढंच."

"मग वजन काहून वाढून राहिलं?"

जनकाबाईने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

मशीन सांभाळणारी शिवकन्या दारातच उभी होती. "काका, मावशीला रागवू नका. डॉक्टरांनी आज एक नवीन तपासणी सांगितली आहे. हाताला आणि पायाला पट्ट्या चिकटवायच्या आणि अंगातून अगदी बारीकसा करंट सोडायचा. पाण्यातून तो सहज जातो, चरबीत अडतो. त्यावरून अंगात पाणी किती, मांस किती ते समजतं."

करंट म्हटल्याबरोबर सोनाजी उठून उभा राहिला. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीने त्याला एकदा धरलं होतं. तो झटका त्याचं अंग अजून विसरलं नव्हतं.

"न्हाई. तिच्या अंगात आधीच जीव न्हाई. करंट लावू नका."

"कळतसुद्धा नाही काका."

"मग आधी मला लावा."

शिवकन्याला हसू आलं होतं, पण तो खरंच सदऱ्याच्या बाह्या वर सारायला लागला तसं ते तिने आवरलं. "या, झोपा," ती म्हणाली.

सोनाजी दात आवळून पडून राहिला. झटका कधी बसतो याची वाट बघत होता तोवर शिवकन्या पट्ट्या काढायलाही लागली.

"झालं?"

"झालं. पाणी बराबर आहे तुमचं. पण काका, मांस फार कमी दिसतंय. जेवता ना नीट?"

"जेवतो की."

"कशाचं जेवतात!" बाकावरून जनकाबाई बोलली. "मला अंडी, मला दूध. आन् सोता चटणीसंगं अर्धी भाकर खाऊन उठतात. मी बघून राहिले रोज."

सोनाजी खाली बघत सदऱ्याच्या बाह्या सारख्या करत राहिला.

मग जनकाबाईची पाळी आली. तिच्या बांगड्या काढून शिवकन्याने त्या सोनाजीच्या हातात दिल्या. जनकाबाई आडवी झाली, तसा त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला.

"आत्ता शिवायचं नाही काका, मोजणी चुकेल."

त्याने हात मागे घेतला आणि बांगड्या घट्ट मुठीत धरून उभा राहिला.

डॉक्टरबाई आल्या, त्यांनी आकडे पाहिले. तिच्या पायावर बोट दाबून सूज बघितली, रक्तदाब पुन्हा घेतला.

"हे वजन पाण्याचं नाही," त्या म्हणाल्या. "मावशींचं अंग भरलंय. जेवण चांगलं जातंय त्यांना. आणि आम्ही मात्र त्यांना जुन्याच वजनावर आणायला बघत होतो. नको तेवढं पाणी निघत होतं, म्हणून गोळे येत होते. आता नवीन वजन धरू आणि आज पाणी कमी काढू. पिण्याचं पथ्य मात्र आहे तेच ठेवायचं."

"म्हंजे तिनं चोरून..."

"नाही."

डायलिसिस सुरू झालं. सोनाजी स्टूल ओढून खाटेजवळ बसला.

"जनका, मी माठ उचलून नेला."

"नेला."

"भांडायचं व्हतं माझ्यासंगं."

"रोज पहाटं उठून माझी भाजी उकळता. डॉक्टरनी सांगितलं म्हणून तिचं पाणी फेकता, परत फोडणी देता. जलमात कधी चूल पेटवली नव्हती तुमी." ती थांबली. "वाईट वाटलं मला. पर भांडाय मन झालं न्हाई."

सोनाजीने तिच्या मोकळ्या हातात एकेक करून बांगड्या चढवल्या. त्या दिवशी पोटऱ्यांत गोळे आले नाहीत. मशीन चालू असतानाच तिला गाढ झोप लागली आणि तो तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसला.

बाहेर पडल्यावर तो सवयीने एसटी स्टँडकडे चालू लागला. जनकाबाईने त्याला खानावळीत वळवलं आणि एक ताट मागवलं.

"तुला हे चालत न्हाई," तो म्हणाला.

"माझ्यासाठी न्हाईच. तुमी खा."

त्याने घाईघाईने चार घास खाल्ले आणि उठायला लागला. तिने त्याच्या ताटात दुसरी भाकर ठेवली. कुरुंद्याची गाडी लागल्याची हाळी ऐकू आली, तरी तिने त्याला उठू दिलं नाही.