एकदाच उघडणारी चिठ्ठी

ऑफिसात त्याला सगळे शंकेखोर म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. कुठलीही लिंक आली की हा गडी ती सरळ उघडायचाच नाही. आधी दोन ओळींचा कोड लिहून सर्व्हरला विचारायचा, बाबा रे, आतला मजकूर राहू दे, नुसते हेडर, म्हणजे पाकिटावरची माहिती, दाखव. पान आहे का, कसलं आहे, केवढं आहे, एवढं कळलं की मगच पुढचं पाऊल.

त्या दुपारी लिंक आली ती ताईची. सहा वर्षांनी! बाबा गेले त्या दिवशी भरल्या घरात तिने त्याच्या थोबाडीत मारली होती, ‘आजारपणात टाकलंस त्यांना’ म्हणून. टाकलं नव्हतं हो! औषधपाणी, रात्रंदिवस उशाशी बसणं, सगळं यानेच केलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. ताई एकदा ‘चुकले’ म्हणेल, एवढ्यासाठी स्वारी अडून बसलेली. आणि आता लिंकखाली दोन ओळी: “चिठ्ठी आहे. एकदाच उघडते, मग पुसली जाते. नीट वाच.”

ताईची चिठ्ठी असली, तरी सवय सुटेना. ताईच्या नावाने कुणी भामटा असला तर? त्याने हेडर मागवले. पान आहे, साधा मजकूर, पाच हजार चारशे बाइट. मराठीत अक्षराला काय, काना-मात्रेलासुद्धा तीन तीन बाइट लागतात, म्हणजे चांगलं दीड पान! त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने लिंक उघडली.

“ही चिठ्ठी वाचून झाली आहे.”

आँ? वाचली कुणी? त्याने कोड तीनदा तपासला, लिंक पाच वेळा उघडली, खुर्चीखालीसुद्धा पाहिलं, काय शोधत होता देव जाणे. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या प्रोग्रामरला हाक मारली.

“अरे शहाण्या,” म्हातारा कपाळाला हात लावून म्हणाला, “तू विचारलंस पाकीट केवढं आहे. त्या येड्या सर्व्हरने पाकीट फोडलं, चिठ्ठी काढून मोजली, नियमाप्रमाणे फाडली आणि तुला रिकामं पाकीट दाखवलं. असं करायचं नसतं, पण आळशी लोक सर्व्हरचा कोड तसाच लिहून ठेवतात.”

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

“वाचलंस?”

काय सांगावं? हो म्हणावं तर कशाला हो? शिव्या असतील तर? माफी असेल तर?

“ताई, मी... नुसती बाहेरून पाहिली. पुसली गेली गं.”

“बाहेरून म्हणजे?”

तो हेडर समजावू लागला, बाइटपर्यंत आला आणि स्वतःचीच लाज वाटून थांबला. “पुन्हा लिहिशील?”

“नाही जमायचं रे. आठवडा गेला ती लिहिण्यात. तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून तर असली लिंक शोधली. एकदाच म्हणायचं होतं, चुकले म्हणून.”

तो हळूच म्हणाला, “म्हणालीस की गं आत्ता.”

पलीकडे ताई हुंदके देऊन रडू लागली.