पिवळं झालं का?

येलदरीच्या अलीकडे एका गावात सिताराम पंचायतीच्या विहिरीत जंतुनाशक पावडर टाकायचा. आदल्या पावसाळ्यात गॅस्ट्रोनं त्याची बायको कडूबाई गेली आणि त्याच महिन्यात हे काम त्याच्या गळ्यात पडलं. आपल्या घरात झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

गावाचं डोकंही अजब. बौद्धवाड्यातल्या सितारामच्या हातची पावडर विहिरीला चालायची, पोहऱ्याला हात लावलेला मात्र चालत नव्हता. नामांतराच्या दंगलीत बौद्धवाड्यातली चार घरं जळाली होती, त्याला सात-आठ वर्षं झाली. तेव्हापासून तोही हक्क सांगायला जात नव्हता.

पावडर टिकली का हे पाहायला त्याच्याकडे काचेची नळी होती. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब सोडायचे. फिकं पिवळं झालं की पाणी चांगलं. त्याला शेंदता येत नव्हतं, म्हणून नळीत घ्यायचं पाणी म्हातारी सरजाबाई विहिरीवर भरलेल्या आपल्या घागरीतून वरून ओतायची.

"पिवळं झालं का रं?"

"झालं की, बाई."

दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललंच तर एवढंच.

श्रावणात पाणी पिवळं होईना. विहिरीच्या काठावर खताची पोती धुतली की शेवाळ माजतं आणि शेवाळ पावडर खातं, असं दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्याला सांगितलं होतं. विहीर हिरवी दिसतच होती. सितारामनं पावडर दुप्पट केली, मग तिप्पट. नळीतलं पाणी जसंच्या तसं. कडूबाई आठवली, त्यानं आणखी एक मूठ टाकली.

पाचव्या दिवशी बायका ओरडत आल्या. "घसा जळायलाय! ह्यो इख कालवायलाय पाण्यात!"

सितारामला राहवलं नाही. त्यानं पोहरा उचलला आणि सगळ्यांदेखत पाणी शेंदलं. नळीत घेऊन थेंब सोडताच ते गडद केशरी झालं, म्हणजे पावडर कितीतरी जास्त झाली होती.

सरजाबाईनं मान खाली घातली. "मला पावडरीचा वास पहिल्यापास्नंच सहन हुईना. पाच दिस झालं, मी वढ्याकाठी उकरलेल्या झिऱ्याचं पाणी भरून आणायलेय. तेच तुला वतलं. मला वाटलं, नळीला कंचंबी पाणी चालतं."

चूक कुणाची, हे कुणी विचारलं नाही. गावाला बाटलेला पोहरा तेवढा दिसला. दोन दिवसांत सगळ्या घागरी झिऱ्याकडे वळल्या, आणि झिऱ्यात पावडर टाकू द्यायला कुणी तयार नव्हतं.

सिताराम मात्र रोज विहिरीवर यायचा. आता अडवायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच शेंदायचा. आठवड्यानं पाणी बरोबर फिकं पिवळं झालं. त्यानं नळी उन्हात धरली. लांबून घागर घेऊन सरजाबाई झिऱ्याकडे चालली होती. तिच्यासाठी त्याला भीती वाटली, आणि फार एकटं वाटलं.

"झालं की, बाई," तो म्हणाला. तिला ते ऐकू जाणार नव्हतं.