केबल कोरडी होती

टेकडीवरच्या केंद्रात हवेतले गॅमा किरण मोजणारं एक यंत्र होतं. त्याच्या देखभालीला एक म्हातारा मेकॅनिक होता. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून त्याचं जेवण, झोप, सगळं कसंबसं चाललं होतं. एके काळी यंत्राच्या नोंदी तीच ठेवायची.

दुपारी आभाळ काळंभोर झालं, पण पावसाचा थेंब नव्हता. यंत्रावरचा आकडा चढायला लागला आणि बघता बघता तिप्पट झाला. त्याने साहेबांना फोन लावला.

"काका, केबल भिजली असेल. नेहमीचंच आहे. तसं लिहा आणि मोकळे व्हा."

त्याने पेन उघडलं, पण हात पुढे जाईना. सहा वर्षांपूर्वी आकडा असाच चढला होता. बायकोने वहीत लिहिलं होतं, 'केबल कोरडी. वीज चमकताच आकडा खाली आला.' त्याने केबल न बघताच त्यावर काट मारली, 'केबल ओली' लिहिलं आणि सही ठोकली.

"अहो, ओली केबल विजेसरशी सुकते होय? मग उद्यापासून कपडे विजेतच वाळत घालते," ती म्हणाली होती.

"मेकॅनिक तू की मी?"

तिने चुकीची नोंद केली असं ठरलं आणि त्या सहीवरून तिचं नोंदींचं काम गेलं. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्यानेही नाही.

गुडघे नको म्हणत होते, तरी तो माळ्याची शिडी चढला. छपरातून केबल आत येते तिथे हात फिरवला. बोटांना धूळ लागली, कोरडी ठणठणीत. खाली येऊन तो आकड्याकडे बघत बसला. विजेने खिडकी पांढरी झाली, आणि आकडा धाडकन खाली आला.

त्याने परत फोन केला.

"केबल कोरडी आहे, साहेब. किरण ढगातून येतायत. वीज पडली की थांबतात."

"आतापर्यंत तर ओली केबल, ओली केबल म्हणून तुम्हीच लिहीत आलात. आता हे कुणी सांगितलं?"

"बायकोने."

साहेब म्हणाले, "जुन्या वह्या पाठवून द्या."

कपाटातून त्याने ती वही काढली. काट मारलेली ओळ अजून नीट वाचता येत होती. आपल्या जुन्या सहीखाली त्याने लिहिलं, 'त्या दिवशी मी केबल पाहिली नव्हती. तिने पाहिली होती.' खाली आजची तारीख घातली आणि सही केली.