सोंग-हूनची आई

मालसूनने ओल्या मांडीवर एक थाप मारली आणि बाकावरची बाई निमूटपणे कुशीवर वळली. एक थाप म्हणजे वळ, दोन म्हणजे झालं, ऊठ. या धंद्यात यापेक्षा जास्त बोलावं लागत नाही. बायकांच्या या जुन्या स्नानगृहातच काय, अख्ख्या बुसानमध्ये अंग चोळण्यात आपला हात धरणारी कुणी नाही, असं मालसून स्वतःच सांगत असे, आणि ते खोटं नव्हतं. गुलाबी रेक्झिनचा बाक, हिरवा खरखरीत हातमोजा आणि समोर येईल ते अंग. प्राध्यापिका असो की मासेवाली, मळ सगळ्यांचा सारखाच निघतो, हे तिचं ठाम मत होतं.

आज मात्र तिचा हात जरा जपून चालला होता.

"सोंग-हूनची आई," गरम कुंडातून ओक-बून अक्काने आवाज दिला. मासळीबाजारात हयात गेलेली ती, तिला हळू बोलणं माहीतच नव्हतं. "आमची पाठ दोन मिनिटांत उरकतेस, आणि या बाईला काय लोणी लावतेयस?"

"पाहुणी आहे. परदेशातली."

"तोंड तर आपल्याच गल्लीतलं दिसतंय."

"डेन्मार्कची आहे. आपला एक शब्द येत नाही तिला. तू गप शिजत पड तिथं."

कुंडातल्या बायका हसल्या. मालसून खोटं बोलली नव्हती. बाकावरची मेटे डेन्मार्कचीच होती. चाळीस वर्षांपूर्वी बुटांच्या कारखान्यात शिलाईला असताना, लग्नाआधी, मालसूनने तिला जन्म दिला होता आणि दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईच्या हाती सोपवलं होतं, एवढंच तिने सांगितलं नाही.

इथे बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. सोंग-हून झाला तेव्हापासून ती सगळ्यांसाठी सोंग-हूनची आई.  कधीकधी ती हाक ऐकली की ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या पाठीवर दुप्पट जोर लावायची.

काही वर्षांपूर्वी संस्थेने विचारलं होतं, मुलगी शोधतेय, भेटाल का? आई हो म्हणेपर्यंत मुलीला तिचं नावगाव सांगायचं नाही, असा नियम. तेव्हा नवरा होता. "मी ती नव्हे," म्हणून मालसूनने फोन ठेवून दिला. पुढे नवरा गेला, मुलीने पुन्हा विचारणा केली, आणि काल दोघी संस्थेच्या खोलीत समोरासमोर बसल्या. मधे दुभाषी पोरगी. "घरात वाटा मागेल बरं का," असं सोंग-हूनने बजावून पाठवलं होतं, म्हणून मालसूनने आधी तेच विचारलं.

"कायद्याने ती तुमची कुणी लागतच नाही, काकू," दुभाषी म्हणाली. "तिच्या कागदांवर आईवडील अज्ञात असं लिहिलंय."

"का? मी काय मेले होते?"

याचं भाषांतर दुभाषीने केलं नाही. मेटेला वाटाबिटा नको होता. आई काम करते ती जागा बघायची होती. परदेशी पाहुण्या इथे येतातच, कुणाला कळतंय, असा विचार करून मालसूनने हो म्हटलं होतं.

तिने दोन थापा मारल्या. मेटे उठली, पण गेली नाही. नळापाशी एक लहान मुलगी दोन्ही हातांनी आपल्या आईची पाठ घासत होती, तिकडे ती बघत राहिली. मग तिने मालसूनच्या हातातला हिरवा मोजा काढून घेतला आणि बाकाकडे बोट दाखवलं.

"ऐक, तुझी पाठ चोळते म्हणतेय ती," अक्का म्हणाली. "पाहुण्या कधीपासून पाठ चोळायला लागल्या?"

स्नानगृहात आईची पाठ लेकीची असते. मुलगा थोडा मोठा झाला की पुरुषांच्या बाजूला जातो. तीन लेकींची आई असलेल्या अक्काने 'तुझी पाठ कोरडीच राहायची' म्हणून मालसूनला आजवर कितीदा टोमणा मारला होता. या बाकावर मालसून स्वतः कधी आडवी झाली नव्हती.

हसण्यावारी नेता आलं असतं. पण मेटेने पुढे केलेल्या हातातून पाणी ठिबकत होतं, आणि आपल्याला पुन्हा नाही म्हणतील अशी तयारी तिच्या चेहऱ्यावर आधीच झालेली होती. मालसूनला ते बघवेना. मी ती नव्हे, हे एकदा म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा तिची जीभ वळली नाही.

"अक्का, लेक आहे ती माझी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "थोरली. सोंग-हून दुसरा."

आणि ती बाकावर पालथी झाली.

 मेटे बिचकत, फारच हळू चोळत होती.

"जोर लाव गं," मालसून आपल्याच भाषेत म्हणाली. मेटेने जोर लावला.

मालसूनला जमिनीवर अक्काचे ओले पाय येऊन उभे राहिलेले दिसले.

"नाव काय तिचं?"

"मेटे."

"मे-टे." अक्काने ते दोनदा घोळवून पाहिलं. "बरं मग, मेटेची आई, तुझं झालं की माझी पाठ घे."

आपलं नाव ऐकून मेटेचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा खाली कमरेपर्यंत गेला. सगळी पाठ झाल्यावर तिने पाण्याचं एक भांडं ओतलं आणि पाठीवर दोन थापा मारल्या.

मालसून उठली नाही.