झाकणाच्या कडेचं कुंकू

"पिलाले हात नको लावजो वं. मानसाच्या हाताचा विटाळ झाला का मायच टोचून मारते."

माझी आई हे सांगायची तेव्हा आमच्या आढ्यात चिमण्यांची घरटी असायची. आई जाऊन तीस वर्षं झाली. त्या सकाळी मी पिंजऱ्याजवळ उभी होते आणि तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मडक्याच्या तोंडाशी आलेल्या पिलाच्या डोक्यावर पिसं नव्हती. मानेवर रक्त सुकलं होतं.

पिंजरा खुशीचा, माझ्या नातीचा. जूनमध्ये मुलाची बदली पांढरकवड्याला झाली. तिथल्या घरमालकाला पक्षी चालत नाहीत, म्हणून लव्हबर्डची जोडी फुलसावंगीत माझ्याकडेच राहिली. निळ्या नाकाचा पिंट्या आणि तपकिरी नाकाची चिंगी. पिंजऱ्यात टांगलेल्या, बाजूला तोंड आणि वर झाकण असलेल्या मडक्यात चार पिलं निघाली आणि खुशीचा रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. पंख आले का, आजी? डोकं बाहेर काढतात का? महिन्याची झाली की पिलं मडकं सोडतात, हे मला तिनंच शिकवलं. "पहिल्यांदा उडतील तेव्हा मी तिथं पाहिजे," असं तिनं बजावून ठेवलं होतं. त्याला आता आठवडा उरला होता.

पिलांना उकडलेलं अंडं द्यायचं, हेही तिचंच. अंडं माझ्या घरात कधी शिजलं नाही, त्यातून श्रावण. तेव्हा शेजारची कांताबाई रोज सकाळी तिच्या घरून अंडं कुस्करून वाटीत आणायची.

"पिलं तुहे, अंडं माहं," ती हसायची. "देव पुन्य कोनाच्या नावानं लिहीन वं, रुक्माबाई?"

मी नुसती मान हलवायची. पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. मागच्या ओसरीत ती वाटी ठेवायची, पाणी बदलायची, राळ्याचं तूस फुंकून टाकायची. मी देवघरातून आवाज ऐकत असायची. पूजा आटोपली की मी पोथीला मंदिरात जायची, ती तिच्या घरी.

म्हणजे पिंजऱ्याशी येणारी माणसं दोन. मांजर म्हणावं तर जाळी बारीक. उंदीर म्हणावं तर मडकं अधांतरी. मी तर पिलांना बोटही लावलं नव्हतं. राहिला एकच हात.

खोटं कशाला सांगू, तो हात कोणाचा एवढंच माझ्या मनात नव्हतं. कोणत्या घरचा, हेही होतं. चौदा एप्रिलला कांताबाई पांढरं पातळ नेसून मिरवणुकीत चालते आणि आम्ही ओट्यावरून पाहतो. वीस वर्षांत ती आमच्या ओसरीच्या आत आली नाही. मी कधी नको म्हटलं नाही, कधी ये म्हटलं नाही.

संध्याकाळी फोनवर मी खुशीला सांगितलं, "कांताआजी मडक्यात हात घालते वाटते. म्हनून चिंगी पिलायले टोचून राह्यली."

पोरीनं त्या दिवशी पंखांचंही विचारलं नाही, फोन ठेवून दिला.

मला खात्री हवी होती. निजायच्या आधी तेलात कुंकू कालवलं आणि मडक्याच्या झाकणाला, खालच्या कडेनं, दिसणार नाही असं लावून ठेवलं. सकाळी कांताबाई आली. तिची पाठ माझ्याकडे होती. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ पिंजऱ्याशी वाकलेली होती. मी जपमाळ ओढत होते, पण मणी कितवा ते मला सांगता आलं नसतं. तिनं रिकामी वाटी उचलली, तेव्हा तिची दोन बोटं लाल दिसली.

मी घाईनं आरती उरकली आणि बाहेर आले.

"कांताबाई, उद्यापासून अंडं राहू दे. यंदा माहं व्रत जरा कडक हाय."

माझा आवाज मुळातच बारीक. त्या दिवशी तो मला फार सोयीचा वाटला.

तिनं बोटांकडे पाहिलं. मग झाकणाकडे. मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाली. बोटं पदराला पुसली नाहीत, तशीच लाल घेऊन गेली.

पिंजऱ्याच्या दाराला मी तार बांधली. फक्त राळा आणि पाणी बाहेरच्या वाट्यांतून दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी एका पिलाची पाठ उघडी पडली. जुना विटाळ अजून उतरला नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी सगळ्यात धाकटं पिलू पिंजऱ्याच्या तळाला पडलेलं होतं. मान अर्धी फाटलेली. तार जशी बांधली तशीच होती.

त्या दिवशी मी पोथीला गेले नाही. पिंजऱ्यासमोर पाट टाकून बसले. दहाच्या सुमारास चिंगी मडक्यात शिरली आणि आत किंकाळ्या उठल्या. तिनं एका पिलाला मानेला धरून तोंडापर्यंत ओढत आणलं आणि बाहेर ढकलायला लागली. पिंट्या चोचीत दाणे भरून शेजारी बसलेला. ती हटली की तो पिलाच्या चोचीत चोच घालायचा.

मी तशीच उठून कांताबाईच्या दारात गेले. ती सुपात तूरडाळ निवडत होती. मान वर केली नाही.

"मेलं?"

"एक."

"ल्हानं?"

"तुले कसं माहीत?"

"त्याच्याच मानेले मी हळद भरत होती. मडक्यात हात घालून. रोज." तिनं एक खडा वेचून बाहेर फेकला. "अजून काय इचारतं?"

"चिंगीच टोचते वं. मी आता पाह्यलं."

"मंग कोन टोचीन? कोंबड्या पाळल्या असत्या तं समजलं असतं. पन तुमच्यात कुठल्या कोंबड्या! नवे अंडे टाकले का जुने पिलं तिले जड होतात, हाकलते ते. मडक्याच्या बुडाशी जाऊन पाह्य, अंडे असतीन. मी सांगनारच होती. पह्यले तुहं मौन होतं, मंग तुहं व्रत कडक झालं."

"तू चाल ना," मी म्हटलं.

"मी कायले? माह्या हातानं तं मेलं." तिनं सूप खाली ठेवलं. "परवा खुशीचा फोन आलता. 'कांताआजी, तुम्ही पिलांना हात लावला का?' तुम्ही म्हनली ती मले. दोन वर्साची होती तवापासून मले तू म्हनत आली पोरगी. कांताआजी, तू माहे केस विंचर. कांताआजी, तू बोरं आन. परवा तुम्ही म्हनली."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज पार लांब गेला. मग ती स्वतःच उठली. तिनं तिच्या घरातली भाजीची उथळ टोपली घेतली, त्यात जुनं धडपं घातलं.

पिंजऱ्याशी आल्यावर मात्र ती मागे उभी राहिली. "घाल हात. तूच काढ."

मी मडक्यात हात घातला. आत शेकोटीपाशी लागते तशी ऊब होती. पिलू माझ्या तळहातात बसलं आणि त्याची छाती इतकी धडधडत होती की माझं मनगट हललं. एक, दोन, तीन. त्यांच्याखाली दोन पांढरी अंडी.

टोपली पिंजऱ्याच्या तळाशी ठेवली. चिंगी सरळ मडक्यात जाऊन अंड्यांवर बसली. पिलांकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. पिंट्या खाली उतरला, टोपलीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि एकेकाला भरवू लागला.

"आता जगतीन," कांताबाई म्हणाली. "चार-पाच दिवसांत उडतीन."

"खुशीले आजच फोन करून सांगतो, चूक माही होती."

"फोन नको करू. फोनवर तू अशी हळूच बोलशीन का पोरीले काही समजनारच नाही. तोंडावर सांग."

"ती पिलं पाहाले येईनच. तवा सांगतो."

"तवा ती उडन्याच्या आनंदात असन अन् तुहं बोलनं तसंच राहून जाईन. पह्यले सांग. मंग उडू दे पिलं."

मी टोपलीकडे पाहत राहिले. "उद्या जातो," मी म्हटलं. "तिच्या तोंडावर सांगीन. सांगीनच."

सकाळी अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. मौन धरलं नाही. पांढरकवड्याला थेट गाडी नाही, दोन ठिकाणी बदलावी लागते. लवकर निघाले तर खुशी शाळेतून येईपर्यंत पोचता येतं. पिशवीत पाण्याची बाटली आणि दशम्या घातल्या. ओसरीत कांताबाई आली होती. ती वाटीत अंडं कुस्करत होती आणि एक पिलू टोपलीच्या काठावर चढून पंख झाडत होतं.

मी पिशवी उचलून बाहेर पडले. स्टँडकडे जाताना वाटेत कोणी नव्हतं. खुशीला सांगायचं ते वाक्य मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला, आणि कोपऱ्यावर दूध घालणारा माणूस वळून पाहायला लागला. मी पदर सारखा केला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणत स्टँडचा रस्ता धरला.