उलट बसलेल्या काचा

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासणाऱ्या बायकांमध्ये तिच्या हाताला तोड नव्हती. मालकसुद्धा तसं म्हणायचा, आणि मालकाच्या तोंडून कौतुक म्हणजे दगडाला पाझर. घरी सासूबाई तिला लाडाने ‘काचवाली’ म्हणत.

त्या खोलीत एक नियम होता. उजव्या डोळ्याच्या काचेवर लाल शाईचा ठिपका द्यायचा, आणि काचा चौकटीत बसेपर्यंत तो पुसायचा नाही. मग चष्मा यंत्राखाली धरून नंबर ताडून बघायचा, आणि तेव्हाच कार्डावर सही. आठ महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तिने ठिपका आधीच पुसला आणि न बघताच सही ठोकली. घाई होती. कशाची, तर चर्चमध्ये प्रार्थनासभा होती आणि पहिलं गीत तिला सुरू करायचं होतं.

त्यातून काय झालं ते तिला उमगलं गेल्या मंगळवारी. सैल झालेला स्क्रू आवळून घ्यायला एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी सातएक वर्षांची, मान कोंबडीसारखी तिरकी करून बघणारी. काचवालीने स्क्रू आवळला आणि सवयीने चष्मा यंत्राखाली धरला. जड नंबराची काच हलक्या डोळ्यावर, हलकी जड डोळ्यावर. कार्ड काढून पाहिलं. सही तिचीच.

“नीट वापरतच नाही ओ ही,” मुलीची आई सांगत होती. “फळ्यावरचं दिसत नाही म्हणते. बाईंनी मागच्या बाकावर टाकलीय. ढ म्हणतात हिला वर्गात. डोळ्यांवर दोन-दोन काचा असून दिसत नाही, नुसती ढोंगं! परवा दोन ठेवून दिल्या मी.”

काचवालीने कार्ड उलटं करून ठेवलं. “ओरखडे पडलेत काचांवर,” ती म्हणाली. “नवीन घालून देते. तासाभराने या. पैसे नकोत.”

“देवमाणूस आहात हो तुम्ही!”

तो शब्द तिच्या बोटात काचेचं कुसळ शिरावं तसा शिरला. चार-पाच दिवस तो निघेना. घरी आपल्या लहान पोरीला भरवताना तिचा हात मध्येच थांबायचा आणि पोरगी आ वासून वाट बघत राहायची. तिने गुडघे टेकून देवाची क्षमा मागितली. एकदा नाही, दहादा. मन हलकं झालंसं वाटायचं, आणि सकाळी पुन्हा ती तिरकी मान डोळ्यांसमोर.

रविवारी उपासना संपल्यावर ती पाळकांपाशी थांबली. म्हातारे पाळक खुर्च्या एकात एक रचत होते. तिने सगळं ओकून टाकलं.

“देवाने माफ केलं असेल ना?” तिने शेवटी विचारलं.

“केलं. तू मागायच्या आधीच त्याचा हात पुढे होता.”

“मग झालं तर. चष्माही नीट करून दिलाय. आता पुन्हा कशाला उकरायचं?”

पाळकांनी खुर्ची खाली ठेवली. “ती पोर कुठल्या बाकावर बसते गं अजून?”

“मागच्याच,” ती म्हणाली.

“कृपा फुकट असते, बाळ. पण तिच्या आड लपायचं नसतं.”

“नोकरी गेली तर? आणि त्या बाईने नाहीच माफ केलं तर?”

“नाही करणार कदाचित. तिच्यावर काय सक्ती आहे? माफी मिळावी म्हणून जाऊच नकोस. मिळालीय म्हणून जा.” मग त्यांनी दोन खुर्च्या तिच्या हातात दिल्या. “आणि जाता जाता या तिकडे लाव. कंबर गेली माझी.”

सोमवारी दुपारी तिने आधी मालकाला सांगितलं. मालक लालबुंद झाला, “बघतो तुझ्याकडे” म्हणाला. तशीच ती कार्डावरचा पत्ता शोधत निघाली.

मुलीची आई इस्त्री करत होती. ओळखून हसली. “अय्या, तुम्ही! या ना!”

काचवाली दारातच उभी राहून बोलली. ओरखडे नव्हते. काचा उलट बसल्या होत्या. मी बसवल्या. त्या दिवशीही खोटं बोलले.

बाई ऐकत राहिली. इस्त्रीखालचं कापड करपल्याचा वास आला तेव्हा तिने इस्त्री उचलली.

“आठ महिने,” ती म्हणाली. “मारलंय मी तिला. तुमच्यापायी माझ्या हातून…” आवाज फाटला. “मला नका सांगू. मी नाही माफ करणार, आत्ता तरी नाही. तिला सांगा. बबडे, इकडे ये!”

बबडी पेन्सिल चावत बाहेर आली. मान आता सरळ होती. काचवाली तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिला कळेल असं पुन्हा सगळं सांगितलं. तुझ्या डोळ्यांची चूक नव्हती. तुझीही नव्हती. माझी होती.

बबडीने पेन्सिल तोंडातून काढली. “म्हणजे मी ढ नाहीये?”

“नाहीयेस गं राणी.”

“मग आमच्या बाईंना सांगा ना! त्यांना कुठे माहितीये?”

काचवालीने वर पाहिलं. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, पण मानेने होकार दिला.

“उद्या येते. शाळा भरायच्या आधी.”

“बाई खूप ओरडतात हां,” बबडीने बजावलं. “सगळ्यांसमोर.”

“ओरडू देत.”

“रडायचं नाही मग.” बबडी तिच्या अगदी जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “मी येईन तुमच्याबरोबर आत.”